पूजेच्या दिवशीची टेप

२ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प एकच. वनमालाची टेप कॉम्प्युटरवर घ्यायची. अठ्ठावीसला तिचं वर्षश्राद्ध. तेजश्री पुण्याहून फोनवर म्हणाली, पप्पा, आईचा आवाज कुठंच नाही हो आपल्याकडं. खरं आहे. बायकोचा मोबाईल साधा बटणांचा, व्हॉइस मेसेज वगैरे तिला ठाऊकच नव्हतं. पोरगी फोनवर रडायला लागली. मी म्हणालो, तुझा बाप माजलगावातला पहिला डिजिटल व्हिडिओ शूटिंगवाला आहे. श्राद्धाच्या दिवशी आवाज ऐकवतो. एका दुपारचं काम.

३ जानेवारी
कॅमेरा माळ्यावरून काढला. घेतला त्या दिवशी वनमालानं त्याची पूजा केली होती. हँडलजवळ कुंकू अजून आहे. पुसलं नाही. पूजा झाल्यावर ती लेन्सकडं बघून पुष्कळ बोलली. तीच ही टेप. लगीनसराईत टेपा कितीही कमी पडल्या, हिच्यावर दुसरं काही घेतलं नाही.
माइकच्या भोकात आपली खास पिनही जशीच्या तशी. तार तोडलेली, नुसती पिन. ती खोचली की कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद पडतो. बँड, रडारड, पंगतीतला आरडाओरडा, काही टेपवर येत नाही आणि मागाहून गाणी स्वच्छ बसतात. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यापासूनची ही आयडिया माझी. नंतर गेवराईपर्यंतच्या लोकांनी चोरली.

८ जानेवारी
ऑनलाइन केबल आली. एक टोक कॅमेऱ्याचं, एक यूएसबी. लावली. लॅपटॉप म्हणतो, काहीच जोडलेलं नाही. दुसऱ्या भोकात लावली. तिसऱ्या. लॅपटॉप बंद करून चालू केला. मग झोपलो. आजकालच्या मालात राम राहिला नाही.

९ जानेवारी
बसस्टँडमागच्या अजीजकडं गेलो. टीव्ही-मिक्सर दुरुस्त करतो, जुना दोस्त. म्हणाला, ह्या केबलनं काय होत न्हाई बे, त्याला कॉम्प्युटरात फायरवायरचं कार्ड लागतं, आता कोणी ठेवीत न्हाई. मला माहीतच होतं, फक्त त्याच्या तोंडून खात्री करायची होती. गोदामातून त्यानं धूळ खाल्लेला जुना पीसी काढून दिला. कार्ड आहे. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, भाभीचं काम हाय. नंतर बराच वेळ तो पीसीची धूळच पुसत बसला.

१३ जानेवारी
ऐतिहासिक दिवस. पीसीनं कॅमेरा ओळखला. टेप पीसीवर उतरवून घ्यायचं कॅप्चरचं बटण दाबलं आणि टेपेत ढवळाढवळ नको म्हणून दार लावून बाहेर बसलो. परत येऊन फाइल लावली. तासभर आमचा पंखा. कॅमेरा प्लेवर न ठेवता शूटिंगवर ठेवला होता. टेप हललीच नव्हती. असू दे, टेस्टिंग झालं.
एकच बारीक गोष्ट. पंखा एवढा खडखडतो, पण फाइलला आवाज नाही. साउंड ड्रायव्हर.

१४ जानेवारी, संक्रांत
ड्रायव्हर टाकला. आवाज नाही. तिळगूळ कुणाकडूनच घेतला नाही, वर्ष सुतकातलंच म्हणायचं. तरी वनमालाच्या फोटोपुढं एक वडी ठेवली. ती मला दरवर्षी म्हणायची, आवं, गोड बोला म्हणलं की तुमी नुसतं हूं म्हणता.
हे मी लिहून ठेवतोय, पण कानात तिचा आवाज येत नाही. शब्द येतात. आवाज कसा होता?

१७ जानेवारी
टेप लावली. आधी नुसते रंगीत चौकोन. हेड साफ केलं. आणि ती आली.
वनमाला. हिरवी साडी, हातात ताट. मागं कपाट. कॅमेऱ्याला कुंकू लावायला पुढं येते, पडदाभर तिचा अंगठा. मग मागं सरकते, पदर नीट करते आणि बोलायला लागते. बोलते, हसते, मान वेळावते, परत बोलते.
आवाज नाही.
कार्ड खराब असणार. मी फार वेळ बघितलं नाही. डोळ्यात धूळ गेली होती.

१८ जानेवारी
अजीज येऊन गेला. पीसीवर त्यानं एक कव्वाली लावली, ती गल्लीभर ऐकू आली. मग कॅमेरा उचलून म्हणाला, रामप्रसाद, घरच्या शूटिंगलाबी तू ही पिन ठेवायचा का? मी म्हणालो, घरी कावून ठेवीन? मी काय येडा हाय? लई राग आला. म्हणाला, बरं बाबा, न्हाई ठेवली. चहा अर्धा टाकून गेला.
घरी मी पिन काढत असे. नक्की काढत असे.

२१ जानेवारी
भावकीच्या ग्रुपवर टाकलं: श्राद्धाला जेवणाआधी वनमालाचा व्हिडिओ, तिच्या स्वतःच्या आवाजात. प्रोजेक्टर सांगितलाय. छप्पन्न जणांनी हात जोडले. शब्द दिला की काम होतं, हा माझा अनुभव आहे. नवीन केबलही मागवली.

२७ जानेवारी
नवीन केबल. आवाज नाही. तेजश्री संध्याकाळी आली. आल्या आल्या म्हणाली, आत्ता ऐकवा ना थोडं. मी म्हणालो, उद्या सगळ्यांबरोबर. मोठ्या स्पीकरवर बहुतेक येईल.

२८ जानेवारी, दुपार
सगळे बसले. लावलं. वनमाला भिंतीएवढी. बोलायला लागली.
माझा मेहुणा अर्जुनराव म्हणाला, दाजी, आवाज वाढवा की. मी म्हणालो, स्पीकरची वायर सैल आहे. वायर हलवत बसलो. तेवढ्यात वर बघितलं. तिच्या मागच्या कपाटाचा आरसा. रोज लहान पडद्यावर दिसला नव्हता, भिंतीवर दिसला. आरशात मी, डोळा कॅमेऱ्याला लावून, आणि कॅमेऱ्यातून बाहेर आलेलं पिनेचं काळं टोक.
वायर हलवायची थांबलो.
वनमालाची थोरली बहीण छबुबाई म्हणाली, राहू द्या तसंच, बंद करू नका, अशीच बोलायची माझी बाय. तेजश्रीनं विचारलं, पप्पा, काय म्हणतीय आई? मी ताबडतोब सांगितलं, म्हणतेय, धंद्याला बरकत येऊ दे. तेजश्री भिंतीवरच्या आईच्या ओठांकडं बघत राहिली. म्हणाली, न्हाई पप्पा. आवं, आवं, इकडं बघा की, असं म्हणतीय. तीनदा म्हणली.

२९ जानेवारी
सगळे गेले. तेजश्रीही. जाताना फाइल पेनड्राइव्हवर घेतली. रागावली नाही, पायाही पडली. रागावली असती तर बरं झालं असतं.
ती काय काय बोलत होती, मला आठवत नाही. मी फोकस बघत होतो.
पिन पक्कडीनं ओढून काढली. कॅमेरा सुरू केला, पीसीला जोडला, समोर बसून म्हणालो, वनमाला, बघतोय, बोल. कॅप्चर करून ऐकलं. माझा आवाज स्वच्छ आला. मागं पंखाही खडखडतोय.
केबल चांगली आहे. कार्डही चांगलं आहे. उद्या पीसी अजीजला परत देऊन येतो.