माझ्या पायाचा फोन

सोमवार, ८ जानेवारी १९९६
पहिली धावत आली विमलाबाई. फोन तिच्याच घरी ना! गल्लीभर ओरडत — "अगं जने, तुझ्या पायाचा फोन आलाय!" तिच्यामागून सगळ्या कोळणी. जसं काय मला मागणीच आलीय!

कल्याणच्या इस्पितळातली रतन सिस्टर होती. एवढ्या लांब हेलपाटे नकोत म्हणून दर सोमवारी फोनवरच विचारणार. माझ्या पायात रक्त पोचत नाही. पोटरी पेटते. डॉक्टर म्हणालेले, असंच बसून राहिलात तर पाय कापायची पाळी येईल. सिस्टर म्हणते, "आजी, दुखेपर्यंत चाला. मग थांबा. दुखणं गेलं की परत चाला. डोक्यावर पाटी नको. आणि मिश्री बंद!"

"बंदच आहे," म्हटलं. तोंडात होती, म्हणून नीट बोलता येईना.

बुधवार, १०
चालले. शांताबाईच्या दाराशी पोटरी पेटली, थांबले. ती थाळी घेऊनच बाहेर! "कोलंबी आहे?"

"बाय, पाय दुखतो म्हणून थांबले."

"पाटी कुठे लपवलीस? चांगलं म्हावरं दुसरीला दिलंस ना?"

पुढच्या दाराशी तेच. जन्मभर दारोदार म्हावरं विकलं, आता नुसतं थांबायची सोय नाही!

सोमवार, १५
सिस्टरला सांगितलं. हसता हसता तिला ठसका लागला. मिश्रीची डबी विमलाबाईला देऊन टाकली. आता तीच लावते — मेली!

रविवार, ११ फेब्रुवारी
शांताबाई रोज मागे मागे. मी पापलेट कोणाला देते ते पकडायचंय तिला! मीही मुद्दाम लांब लांब नेते. आज कोपर स्टेशनापुढे तीच मटकन बसली. "जनाबाई, टेक गं जरा!" मी उभी — आणि पोटरी गप्प!

सोमवार, ४ मार्च
फोन आला नाही. चुकल्यासारखं झालं. तरी चालले.

शनिवार, ६ एप्रिल
डॉक्टर आणि सिस्टर स्वतः घरी! सिस्टर एवढीशी पोर — फोनवर केवढी दांडगी वाटायची. डॉक्टर पावलावर नाडी शोधत बसले. मी श्वास धरून. शांताबाई दारातून, "सापडली का?"

"सापडली! रक्तानं दुसरी वाट काढलीय. पाय कापायला नको, आजी."

नातीला कडेवर घेऊन ओटीवर फेऱ्याच मारल्या! विमलाबाईनं सगळ्यांना चहा पाजला.

रविवार, ७
काल एक लिहायचं राहिलं. जाताना सिस्टर हळूच म्हणाली, ठाकुर्लीला एक केशरबाई आहे. अंथरूण सोडत नाही. फोनवर म्हणते, कापा एकदाचा पाय, सुटेन मी. "आजी, माझं ऐकत नाही ती. तुम्ही चालवाल?"

गुरुवारी, अकरा तारखेला, तिला रिक्षात घालून आणणार आहेत.