भाताच्या हाताची बाजू

५ ऑगस्ट १९९९, कुंभकोणम्

"ज्यांच्या कॉलेजात विच्छेदनाला प्रेत नाही, अशा शरीरशास्त्राच्या तमाम शिक्षकांनो!" — विश्वस्तांपुढे असाच आवाज लावला, जणू समोर मैदान भरलं होतं. होते मोजके विश्वस्त आणि एक कुरकुरता पंखा. म्हटलं, मोठ्या शहरांत मुली शरीर उघडून पाहतात; आमच्या नर्सिंगच्या मुलींनी रंग उडालेल्या तक्त्यावरच शिकायचं? आज इंटरनेटवर, टेलिफोनच्या तारेतून परदेशी विद्यापीठांतले शरीराचे नकाशे येतात. ऑफिसातली लाइन दुपारी आम्हाला द्या!

सेक्रेटरी चंद्रमौली म्हणाले, "लाइन घ्या मॅडम. माइक मात्र मागू नका."

मिळाली.

आईला सांगितलं, आता प्रेत पडद्यावर. ती म्हणते, "मग घरी आल्यावर स्नान नको तर. बरं झालं गे."

१२ ऑगस्ट

चित्र वरून खाली उतरतं. आधी कपाळ, मग डोळे, मग लाइन तुटते. छातीपर्यंत पोहोचलो तेव्हा तास संपला होता, पण एकही मुलगी उठली नाही.

त्रिपुरसुंदरी अगदी पडद्याला नाक लावून. पट्टीश्वरम गावची, शाळा सगळी तमिळमधून. शरीरशास्त्रात एकदा नापास झाली आहे. वडील देवळापाशी पूजेचं सामान विकतात. मागे येऊन मला तोंडावर सांगून गेले — "यंदाही गेली तर दुकानात बसवतो, अम्मा."

बसू देणार नाही.

३ सप्टेंबर

सरावाची तोंडी परीक्षा. यकृत कुठे? त्रिपुरसुंदरीने डाव्या बरगडीखाली बोट ठेवलं. शेजारणीनेही.

"पडद्यावर डावीकडेच असतं, मॅडम."

असणारच. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा. त्याची उजवी ती आपली डावी. तक्त्यावरही तसंच होतं. पण तेव्हा मी स्वतःच्या पोटावर हात ठेवून शिकवायची. पडदा आला आणि मी खुर्चीत बसले.

स्टाफरूममध्ये वेणुगोपाळ — शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, आपल्यासारखाच इथला मराठी. मराठी बोलतो ती फक्त मला टोमणे मारायला. "अक्का, तुमचा पडदा खोटं बोलत नाही. उलटं बोलतो."

 

४ सप्टेंबर

आज खुर्ची वर्गाबाहेर ठेवली. राइट, लेफ्ट घोकून घेतलं, गोंधळ वाढला. शेवटी तमिळमध्ये विचारलं, घरी उजव्या हाताला काय म्हणता? मागून कोणीतरी म्हणालं, "सोत्तांगै." वर्ग खिदळला. सोत्तांगै म्हणजे भाताचा हात, ज्याने जेवतो तो. स्वयंपाकघरातला शब्द, कॉलेजात बोलायचा नव्हे.

त्रिपुरसुंदरी हसली नाही. भात कालवावा तसा तिने हात धरला, कोपर बरगडीला टेकवलं. "कोपराच्या आत. कल्लीरल."

कल्लीरल म्हणजे यकृत; शब्दशः दगडाचं ईरल, ईरल म्हणजे आतला मऊ अवयव. प्लीहा हे मातीचं ईरल, फुप्फुस फेसाचं. इंग्रजीत ही तिन्ही नावं तिला परकी; तिच्या भाषेत ती एका घरातली भावंडं. आणि आम्ही तिला भाषा येत नाही म्हणून नापास करतो!

तारेतून नुसतं घ्यायचंच का? आपणही चित्र टाकायचं.

१९ सप्टेंबर

चित्र त्रिपुरसुंदरीने काढलं. संगणकावर तमिळ अक्षरांचे नुसते चौकोन होतात, म्हणून नावं हाताने लिहिली, खाली इंग्रजी — परीक्षा इंग्रजीतच आहे. एका बाजूला ठळक: 'सोत्तांगैची बाजू'. महामहम तळ्याजवळच्या दुकानात स्कॅन करून इंटरनेटवरच्या फुकटच्या जागेवर चढवलं. खाली माझा ई-मेल.

वेणुगोपाळ: "हे जगात कोण बघणार, अक्का?"

"तू बघ. तुझ्यापासून सुरुवात."

११ ऑक्टोबर

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक कडक. मी दाराबाहेर, कान आत.

"लिव्हर?"

 फटीतून पाहिलं — तिचा हात भात कालवायला निघाला होता.

"जेवायची वेळ झाली का?" परीक्षक म्हणाले.

"राइट साइड, सर. अंडर द रिब्ज."

पुढचे प्रश्न ऐकू आले नाहीत. 

२ नोव्हेंबर

पास! वडील आले होते. म्हणाले, "आता दुकानात मीच बसतो, अम्मा."

५ नोव्हेंबर

ई-मेल आला. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांच्या भागातून, नर्सना शिकवणाऱ्या एका बाईंचा, इंग्रजी अक्षरांत तमिळ. 'तुमच्या चित्रावरून आम्ही शिकवतो. पण माझी एक मुलगी डाव्या हाताने जेवते. ती विचारते, तिचं कल्लीरल कुठे?'

खुर्ची पुन्हा आत आणली, उत्तर लिहायला पडद्यापुढे बसले. उठले. वर्गाच्या दारातून हाक मारली — "त्रिपुरसुंदरी, इकडे ये. या खुर्चीत बस आणि तिला उत्तर लिही."