नळीचं कडं

१६ जुलै, बुधवार

आखाड संपत आला तसं लोकांच्या अंगात आलंय. आज खानावळीत पुढच्या खोलीतली तिन्ही टेबलं दोनदा भरली, वर अकरा पार्सलं. कंबर मोडली.

मटणवाल्या लालाकडं हाडं कापायचं मशीन आलंय. आधी सत्तूरनं नळी तोडायचा, कपच्या उडायच्या, रश्शात दाताखाली यायच्या. आता बांगडीगत गोल, गुळगुळीत, दोन बोटं रुंद. गिऱ्हाईक खूश. शाळेतल्या बाईंनी दोनदा फोन केला, नळ्या कापूनच घ्या हं, आमचे हे चोखून खातात. खाऊ देत म्हटलं.

ताटातली हाडं नेहमीसारखी मागच्या बोळात. बादली आपटली की चार-पाच कुत्री हजर. कचऱ्याच्या गाडीपेक्षा वक्तशीर.

१८ जुलै, शुक्र.

तांबडी कुत्री दुपारपासून मागच्या पायरीवर. तोंड वासलेलं, लाळेची तार जमिनीपर्यंत. सारखी पंजानं तोंड घासतीय. वाटलं परवाचं काहीतरी अजून चघळतीय. पायरी बुळबुळीत केली, माझाच पाय घसरला असता.

तांब्याभर पाणी मारलं. दोन पावलं गेली, परत येऊन बसली, माझ्याकडं बघत. लाचार मेली. दुसरा तांब्या मारला तो गरम होता. फार नाही. पण गरम होता. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच मला सांगीन की गार होता.

१९ जुलै, शनि.

सकाळी बोळात आरडाओरडा. शेजारच्या रेडेकरांची नात क्लासहून येत होती, तांबडी तोंड वासून समोर. पोरगी पळाली, पडली, गुडघा फुटला. चावली बिवली काही नाही. पण गल्लीनं निकाल दिला, कुत्रं पिसाळलंय. तानाजी म्हणजे आमच्या मंडळाचा अध्यक्ष, सगळ्या गल्लीचा मालक असल्यासारखा. पोरं घरात, काठ्या बाहेर, असा त्याचा हुकूम.

मी मागं जाऊन बघितलं. जिन्याखाली बसली होती. वाकले. खालच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागं कडं अडकलंय. पांढरं, गोल, गुळगुळीत. जीभ सुजून जांभळी. सत्तूरनं तोडलेलं हाड असतं तर असं बसलंच नसतं. माझ्या पातेल्यातलं.

तानाजी बोळाच्या तोंडाशी उभा. काय दिसलं काय काकी, म्हणाला. मी म्हटलं, न्हाय बा, अंधार हाय तिथं. भर दुपारी.

सांगितलं असतं तर? दोन घरांनी आधीच माझ्या हाडांवरून अर्ज करायची भाषा केलीय. आणि उद्या आखाडातला शेवटचा रविवार. वर्षाची कमाई या महिन्यावर. एवढंच कारण, दुसरं नाही.

मग गुपचूप फोन. ह्यांना स्कूटरवरून जनावरांच्या दवाखान्यात पिटाळलं. कुलूप. वॉचमन म्हणाला, शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी पावणेदहाला या, येताना कुत्रं घेऊन या. हे नवीन ऐकल्यासारखे मला येऊन सांगतायत. कुत्र्यांचे एक खाजगी डॉक्टर आहेत, दोनला बंद. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, भटक्यांसाठी डॉक्टर बाहेर जात नाहीत मॅडम. मग कुत्री धरणाऱ्या गाडीचं ऑफिस. तिथं उचलला. चावलंय का? नाही. पिसाळलंय का? नाही हो, हाड अडकलंय. मग सोमवारी करा फोन, सुट्टीच्या दिवशी गाडी पिसाळल्यालाच सुटती.

संध्याकाळी कुरुंदवाडला दाजींना फोन लावला. ताईचे मालक. सगळी नोकरी म्हशी-रेडकांच्या दवाखान्यात गेली त्यांची. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, असली कडी मी दोन-तीनदा काढलीत, हाड कापायची पक्कड हाय माझ्याकडं, गुंगीचं औषध बघतो, उद्या दीडपर्यंत पोचतो.

"तवर कुणाला मारू दिऊ नको. तुझं काम एवढंच."

२० जुलै, रवि.

सहाला मटण आलं, अठरा किलो. तांबडी परत पायरीवर. पार्सलं त्याच दारातनं जातात. आठला पहिला फोन, काकी तुमच्या दारात पिसाळलेलं कुत्रं हाय म्हणं, आमची ऑर्डर राहू दे. साडेआठला दुसरा. तानाजीनं गावभर केलेलं दिसतंय. मुडदा बशिवला त्याचा.

दाजी दीडला येणार. गिऱ्हाईक साडेअकराला.

नऊला गाडीच्या ऑफिसला फोन केला. कालचाच माणूस. म्हटलं, व्हय, पिसाळलंय. लाळ गळतीय. पाणी पीत नाही. नाव विचारलं, दिलं. गल्लीतला आणखी एक नंबर मागितला, तानाजीचा दिला. मनात धरलं होतं की गाडीवाले तोंड बघतील, त्यांना कळेलच, काढतील. हे खरं आहे. साडेअकराच्या आत पायरी मोकळी होईल, हेही खरं आहे. आधी कुठलं मनात आलं ते मला ठाऊक आहे.

ऑफिसनं तानाजीला फोन केला. दहा मिनिटांत आठ-दहा जण बोळात. काकीनीच तक्रार दिलीया, म्हणजे खात्रीच झाली, असं एकजण मोठ्यानं म्हणाला. मी कांदा-खोबरं भाजत होते. काठ्यांचा आवाज आला. तांबडी ओरडली नाही, तोंड मिटत नसल्यावर ओरडणार कशी, घशातनं नुसती घरघर. मी लगेच गेले नाही. मसाला लागला असता.

उतरवूनच गेले. मागचा पाय मोडून लोंबत होता. एका डोळ्यावर रक्त. माझ्याकडं सरकत आली. दोन तांबे पाणी मारलेल्या बाईकडं.

तेव्हा ओरडले, बास करा, हाड अडकलंय तिच्या तोंडात, पिसाळलेली न्हाय ती. सगळे थांबले. तानाजीनं काठी खाली केली.

"आत्ता सांगतायसा? फोन तुम्हीच केलासा की."

पावणेअकराला गाडी. इतक्या वर्षांत वेळेवर आलेली मी बघितली नव्हती. गळ्यात फास टाकून उचललं. त्या माणसाच्या मागं लागले, आधी तोंड बघा, कडं आहे, काढा. तो म्हणाला, पिसाळल्याच्या तोंडात हात घालायला माझं डोस्कं फिरलंय काय बाई. दार लावलं, गेले.

फिनेल टाकून पायरी धुतली. सगळी पार्सलं गेली. सकाळी रद्द केलेल्या दोन्ही ऑर्डरीही परत आल्या. पांढरा रस्सा कमी पडला.

दीडला दाजी. उन्हातनं स्टँडवरून चालत, हातात तीच जुनी कातडी बॅग. कुठाय म्हणाले. सांगितलं सगळं, मसाल्याचंही. पायरीवर बसले. मग म्हणाले, दोन मिनिटांचं काम हुतं गं. एवढंच. ताट वाढलं तर नको म्हणाले, पाणी पिऊन गेले. आखाडात माझ्या घरून न जेवता गेलेला पहिला माणूस.

२१ जुलै, सोम.

पावणेदहाच्या आधीच आम्ही दोघं गाडीच्या ऑफिसच्या दारात. गावाबाहेर आहे, मागं पत्र्याच्या शेडमध्ये पिंजरे. आत सोडलं नाही. कारकुनानं रजिस्टर उघडलं, बोट ठेवलं, तक्रारदार तुम्हीच न्हवं? मी. संशयित आहे, दहा दिवस वेगळ्या पिंजऱ्यात, कुणी हात लावायचा नाही. पायाचं? ते मग बघू.

पाणी पितीय का विचारलं. न्हाय की, म्हणाला, ठेवलंय पुढं, पीत न्हाय. लक्षणच हाय ते. अहो हाड आहे म्हणून पीत नाही, मी म्हटलं. त्यानं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. 'पाणी पीत नाही', खाली माझं नाव. तुमच्याच तोंडचं हाय हे, म्हणाला.

डॉक्टर ट्रेनिंगला, गुरुवारी येणार. तक्रार मागं घ्यायची असेल तर लेखी द्या, कारण लिहा, दुसरा नंबर ज्यांचा दिलाय त्यांची सही आणा.

२२ जुलै, मंगळ.

तानाजीच्या घरी गेले. चहा दिला, खुर्ची दिली, आईला हाक मारली. आणि सही नाही दिली. उद्धटपणे नाही, खाली बघून बोलला.

"सही केली तर आम्ही चांगल्या कुत्र्याला मारलं असं हुतंय, काकी."

पिसाळलेली असली तर त्यांचं बरोबर, माझंही बरोबर. सगळ्या गल्लीचं बरं आहे त्यात, एक तांबडी सोडली तर. रेडेकरांच्या नातीला त्यांनी सुई टोचून आणली, चावली नसताना. डॉक्टर नको म्हणत होते तरी.

२३ जुलै, बुध.

मटणाचा शेवटचा दिवस. उद्या अमावस्या, परवा श्रावण. लालाला म्हटलं नळी सत्तूरनं तोड. तो हसला, मशीन काय पूजेला घेतलंय का काकी? तोडून घेतलीच. शाळेतल्या बाईंचा फोन, आमच्या ह्यांच्या दाताखाली कपची आली. आली तर थुंका म्हणावं. म्हटलं नाही, सॉरी म्हटलं.

सवयीनं बादली आपटली. चार आली. ताटांत फ्रिजमधल्या आधीच्या मटणाची दोन कडी निघाली, ती पाट्यावर वरवंट्यानं फोडली. हे दारातनं बघत होते. म्हणाले, आता फोडून काय उपयोग. मी वरवंटा खाली ठेवला नाही.

चारला ऑफिसला फोन. जिवंत हाय, म्हणाला. बसूनच असतंय. कंटाळला होता, आवाजावरून कळलं. रोज तीनदा करते.

२४ जुलै, गुरु. अमावस्या

दिवे घासले, पुजले. मग अर्ज लिहायला बसले. पहिल्यांदा 'गैरसमजातून' लिहिलं. फाडलं. दुसऱ्यांदा 'घाईगडबडीत'. तेही फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं, कुत्रीच्या जबड्यातलं हाड माझ्या खानावळीतलं आहे, ती पिसाळलेली नाही हे मला माहीत होतं, मी खोटं बोलले. खाली एकटीची सही. ह्यांनी वाचला. म्हणाले, हा कागद गल्लीत आला तर खानावळ बंद होईल. होऊ दे म्हटलं. शूर बिर होऊन नाही.

अर्जापायी उशीर झाला. सहाला दहा कमी असताना पोचले, ऑफिस सव्वासहापर्यंत. डॉक्टर आले होते, चारला गेले. कारकुनानं अर्ज वाचला, परत वाचला, माझ्याकडं बघितलं. सही एकच हाय, म्हणाला. एकच मिळाली, म्हटलं. शिक्का मारला. उद्या डॉक्टरांच्या पुढं ठेवतो.

आज पाणी प्याली का? सकाळी बघितलंतं, कोपऱ्यात हुतं. आत्ता बघता का एकदा? शेडची चावी सायबांच्या खिशात गेली, म्हणाला. खोटं बोलत नसावा. पत्र्याला कान लावून उभी राहिले. बाकीची भुंकत होती. तिचं काही कळायला मार्ग नाही.

बाहेरूनच दाजींना फोन केला. रविवारनंतर पहिल्यांदा. म्हणाले, पहिल्या यष्टीनं येतो, साडेनवाला दारात उभा राहतो, पक्कड घेतो. मी विचारलं, इतके दिवस पाण्याबिगर जगतं का हो कुत्रं? त्यांच्याकडं टीव्ही लागला होता, तो कुणीतरी बंद केला.

"उद्या बघू," म्हणाले.

ऑफिस पावणेदहाला उघडतं.