हयात दीर सटवाजी यांचे मरण रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
निराधार अनुदान शाखा,
तहसील कार्यालय, जिल्हा लातूर.

अर्जदार : केवळाबाई भ्र. कै. ज्ञानोबा बिरादार, वय ७८, रा. चिंचोली, उदगीर रस्ता.

ज्यांच्याविरुद्ध अर्ज : प्रयागबाई भ्र. सटवाजी बिरादार, नात्याने अर्जदाराची धाकटी जाऊ, रा. तेथेच, भिंतीला भिंत.

विषय : जिवंत नवऱ्यास मयत दाखवून विधवेचे अनुदान उचलणाऱ्या प्रयागबाईचे अनुदान बंद करणे व सोबत जमा केलेल्या वस्तूचा निकाल लावणे.

संदर्भ : आपल्या कार्यालयाच्या बाई पडताळणीसाठी गावी आल्या तो दिवस, येळवशीनंतरचा (वेळ अमावास्येनंतरचा) सोमवार.

साहेबांच्या सेवेशी नमस्कार करून अर्जदार लिहिते की,

१. अर्जदार ही कै. ज्ञानोबा गुरुजींची पत्नी. गुरुजी शाळामास्तर होते. त्यांच्या माघारी अर्जदारास पेन्शन मिळते आणि त्यात तिचे भागते. म्हणून जावेला मिळते ते आपल्याला मिळत नाही, अशा पोटदुखीतून हा अर्ज केलेला नाही, हे साहेबांनी आधी ध्यानात घ्यावे. गावात तसेच बोलले जात आहे आणि बोलणारे तोंड कोणाचे आहे हे अर्जदारास माहीत आहे.

२. सटवाजी हा अर्जदाराचा धाकटा दीर. अर्जदार लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो अंगणात उघडानागडा हिंडत होता. त्याच्या आधीची सासूबाईंची दोन लेकरे पाळण्यातच गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा सासूबाईंनी सटवाईला नवस केला, तिचेच नाव त्याला ठेवले, वर्षभर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फाटक्या धडुत्यांत गुंडाळून ठेवले आणि यमाला मुलगी वाटावी म्हणून उजवी नाकपुडी टोचली. ते भोक आजही दिसते. ओळख पटवण्याची गरज पडल्यास साहेबांनी ते पाहावे. अर्जदाराने त्याला न्हाऊ घातले, गोवरात उशाशी बसली, परीक्षेत नापास झाला तेव्हा गुरुजींच्या छडीपुढे आडवी झाली. सासूबाई जाताना अर्जदाराचा हात धरून एवढेच म्हणाल्या की, "माज्या सटव्याला जप." ज्या लेकराला जगवण्यासाठी घराने एवढे केले, त्याला प्रयागबाईने एका दाखल्यावर मारले. तो दाखला कुठल्या एजंटाने आणून दिला हे अर्जदारास ठाऊक नाही. शोधणे साहेबांचे काम आहे.

३. प्रयागबाईविषयी. तिचे लग्न ठरले तेव्हा उदगीरच्या बाजारात अजून जुने लोक उर्दूत भाव करायचे. सासूबाई आणि अर्जदार बैलगाडीने सराफाकडे गेल्या आणि मंगळसूत्र करून आणले. त्याचे काळे मणी अर्जदाराने ओसरीवर बसून स्वतः ओवले. एक वाटी लग्नघाईत पाट्यावर पडली, तिला चेप आला, तो अजून आहे. नवी नवरी आली तेव्हा तिला भाकर थापता येत नव्हती, तीही अर्जदाराने शिकवली. तेव्हापासून ती अर्जदारास अक्का म्हणते. हल्ली शिव्या देतानाही अक्काच म्हणते.

४. गुरुजी गेल्यावर अर्जदार लातुरास शिक्षिका मुलीकडे, विशाखाकडे राहत होती. चार भिंती आपल्या असाव्यात म्हणून तीन वर्षांपूर्वी गावी परतली. आल्यापासून दर हिवाळ्यात एक दिवस प्रयागबाई सकाळीच यायची, गळ्यातले काढून अर्जदाराच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "अक्का, छातीचा फोटू काडाय चाल्ले. दवाखान्यात डागिना चालत न्हाई म्हनं. तुमच्यापशी ठिवा." त्याच सुमारास सटवाजी नांदेडकडे, अर्धापूरला लेकीच्या घरी जायचा. तिथे जावयाची केळीची बाग आहे, केळी खायला जातो असे सांगायचा. अर्जदार मंगळसूत्र देवापुढे ठेवायची आणि मनात म्हणायची, दर वर्षी छातीचा फोटो निघतो त्या अर्थी बाईला मोठे दुखणे असणार, नवऱ्याला बघवत नाही म्हणून तो लेकीकडे जातो. तिला उतार पडावा म्हणून अर्जदाराने सोमवारचे उपास धरले. ते सोमवार कोणतेही कार्यालय परत देऊ शकणार नाही.

५. यंदा येळवशीला प्रयागबाई व सटवाजी यांनी शेतात जोडीने पांडवांची पूजा केली, आंबिलीने भरलेले मातीचे बिंदगे घेऊन रानाला फेरी घातली. सारे गाव त्या पंगतीला जेवले आहे. त्यानंतरच्या सोमवारी मंगळसूत्र नेहमीप्रमाणे अर्जदाराकडे आले. दुपारी आपल्या कार्यालयाच्या बाई अर्जदाराच्या ओसरीवर आल्या. मागे प्रयागबाई. पांढरट लुगडे, कपाळ रिकामे, हात मोकळे. बाईंनी विचारले, "आजी, यांचे मालक गेले ते खरं ना? तुम्ही शेजारच्या म्हणून विचारते."

साहेब, अर्जदारास वाटले की सटवाजी अर्धापुरात त्याच सकाळी वारला. दुसरे काय वाटणार? पुढ्यात रिकामे कपाळ होते. अर्जदाराने ऊर बडवून घेतला. "माज्या लेकरा" म्हणून जी ओरडली ते पारापर्यंत ऐकू गेले. बाई भल्या होत्या. त्यांनी पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला आणि पुढे विचारायचे तसेच ठेवून निघाल्या. अर्जदाराचे रडणे हीच साक्ष धरली गेली. त्यांचा दोष अर्जदार काढत नाही. त्या रडण्यावर कोणीही विश्वास ठेवला असता, कारण ते खरे होते.

६. बाई गेल्या, त्यांच्यामागून प्रयागबाई गेली. अर्जदाराने चुलीवरचे कालवण उकिरड्यावर टाकले, पौषातल्या गारठ्यात आडाच्या पाण्याने डोक्यावरून अंघोळ केली आणि विशाखाला फोन लावला. ती शाळा अर्धी टाकून एसटीत बसली. दिवस कलायच्या वेळी अर्धापूरकडून आलेला सटवाजी खांद्यावर केळीचा घड घेऊन गल्लीत शिरला. ओल्या केसांनी उंबऱ्यात बसलेल्या अर्जदाराला पाहून तो घड खाली ठेवून म्हणाला, "वैनी, कोन गेलं वो?"

अर्जदाराने दुपारी घडले ते सारे त्याला सांगितले.

खरे कळल्यावर तो हसला. "कागदावर मेलं की आयुष्य वाढतंय म्हनं, वैनी. आन् असं रडायलाव कशाला?" तेवढ्यात प्रयागबाई भिंतीपलीकडून आली, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. म्हणाली, "तुमी रडलाव ते लई बेस झालं अक्का. एरवी बाई धा गोष्टी इचारती. द्या आता माजं." आणि हात पुढे केला.

अर्जदाराने वस्तू दिली नाही. आधी नाव काढून घे, मग ने, एवढेच सांगितले. त्यावर प्रयागबाईचे उत्तर असे की, "सरकारचं हाय. तुमच्या बापाचं जातंय का काय?"

७. तक्रार करावी की न करावी, यावर अर्जदाराने पुष्कळ विचार केला. विशाखा रात्रभर राहून समजावून गेली. "आई, घरचं घरात ठेव. उद्या तुला रात्रीबेरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काकूचाच मुलगा गाडी काढणार आहे. मी लातुरात." तिचे बोलणे खोटे नाही. या अर्जानंतर भिंतीपलीकडून भाजीची वाटी येणार नाही, गाडीही येणार नाही. गावात अर्जदारास वैनी म्हणून हाक मारणारा एकच माणूस उरला आहे, तोही ती हाक मारील की नाही याची खात्री नाही. म्हणून अर्जदार गप्प राहिली होती. ती तशीच राहिलीही असती.

८. परंतु संक्रांतीचे हळदीकुंकू प्रयागबाईने आपल्या घरी ठेवले. गळ्यात उदगीरच्या बाजारातले पितळी मंगळसूत्र होते. सगळ्या गल्लीला बोलावणे होते, त्यात अर्जदार आणि शरणम्माही होत्या. शरणम्मा ही आमच्या गल्लीत ज्वारीच्या भाकरी करून विकणारी बाई. तिचा नवरा खरोखर मेलेला आहे. तरी तिचा अर्ज या ना त्या कागदासाठी परत येतो. दारातच प्रयागबाईने दोघींना अडवले. "अक्का, शरणम्मा, तुमी दोगी तिकडं न्हानीपशी बसा. सवाष्णीचं काम हाय हे."

अर्जदार म्हणाली, "मग तू बी चल की आमच्यासंगं. सरकारात तू आमच्यातलीच हाईस."

शरणम्माला हसू आवरले नाही. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तेव्हा प्रयागबाईने तिळगुळाचे ताट आपटले आणि भरल्या घरात ओरडली, "म्हातारीनं माजं मंगळसूत्र चोरलंय! देवाच्या नावानं घरात दाबून बसलीय! मी ठान्यात जानार हाय!"

अर्जदाराने तिला सांगितले की, अवश्य जा. ठाण्यात नवऱ्याचे नाव विचारतील. जिवंत सांगितलेस तर अनुदान जाईल, मेला सांगितलेस तर विधवेचे मंगळसूत्र चोरीला गेले कसे, ते विचारतील. ती ठाण्यात गेली नाही. पण गावभर चोर हा शब्द फिरत आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हा शब्द घेऊन अर्जदारास मरायचे नाही. म्हणून हा अर्ज.

९. साहेबांनी पुढील बाबींचा लेखी खुलासा करावा :

(अ) सटवाजी आपल्या दप्तरी मयत असेल तर तसे त्यालाही कळवावे. तो रोज सकाळी अर्जदाराकडे चहाला येतो. मयत इसमास चहा देणे नियमात बसते काय?

(आ) पितृपक्षात गुरुजींच्या पानाशेजारी सटवाजीचे पान वाढावे काय? वाढल्यास कावळ्याची वाट पाहावी लागणार नाही. तो स्वतः येऊन जेवेल.

(इ) अर्जदाराने त्या दिवशी धरलेले सुतक कोणी व कसे फेडायचे?

(ई) प्रयागबाई येळवशीस सवाष्ण, सोमवारी विधवा आणि संक्रांतीस पुन्हा सवाष्ण होती. बाईमाणसास असे बदलता येत असेल तर तीच सवलत अर्जदारास व शरणम्मास का नाही? अर्जदारास वर्षातून एकच दिवस गुरुजी परत मिळाले तरी चालतील.

१०. तरी विनंती की, प्रयागबाईचे अनुदान तात्काळ बंद करावे. घेतलेले वसूल कसे करायचे ते साहेबांनी ठरवावे, अर्जदार रदबदली करणार नाही. शरणम्माचा अर्ज काढून वाचावा. आणि अर्जदार चोर नाही हे लोकांस दिसावे म्हणून सदर मंगळसूत्र या अर्जासोबत आपल्या कार्यालयात जमा करून घ्यावे, पोच द्यावी.

ते प्रयागबाईच्या हाती देऊ नये. ती रडेल, पाया पडेल, पुन्हा छातीचा फोटो सांगेल. ज्याने ते तिच्या गळ्यात बांधले त्याने स्वतः हजर राहून, मी जिवंत आहे असे तोंडाने सांगून, सही करून न्यावे. आला नाही तर तो मेलाच असे समजून अर्जदार पुन्हा एकदा अंघोळ करील आणि या वेळी रडणार नाही.

मात्र आला तर त्यास जिना चढवू नये. त्याला दम लागतो. खालीच खुर्ची द्यावी.

उत्तर आल्याशिवाय न हलणारी,

केवळाबाई भ्र. कै. ज्ञानोबा बिरादार
(सही)

साक्षीदार : शरणम्मा (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : चिंचोली
दिनांक : २७ जानेवारी २०२६

सोबत :
१) मंगळसूत्र एक. सोन्याच्या दोन वाट्या, पैकी एकीस चेप. काळे मणी अर्जदाराने ओवलेले, दोरा मजबूत आहे.
२) नेण्यास येणाऱ्या इसमाची खूण : उजव्या नाकपुडीस टोचल्याचे भोक.