चौदाव्या धड्यातला कोन

प्रिय बडबडे,

तू गणित सोडून प्राथमिक विभागात जायला अर्ज दिलास, हे मला शिपायाकडून कळलं. बावीस वर्षं शेजारी शेजारी खुर्च्या, एकीच्या डब्यात दुसरीचा चमचा, आणि एवढी मोठी गोष्ट मला शिपाई सांगतो! आधी रागच आला तुझा. मग कळलं, रागवायला मला तोंडच नाही. फोन करणार होते, पण फोनवर तू मधेच बोलायला लागतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितेय. मधे बोलू नकोस.

आपण एकाच दिवशी नोकरीला लागलो. तुझ्या तोंडाचा पट्टा पहिल्या दिवसापासून चालू, पण फळ्यावर मात्र आनंदी आनंद होता. तू काढलेला त्रिकोण कुठूनही बघितला तरी बटाटाच. मधल्या सुट्टीत मी तुझ्या वर्गात येऊन पुढच्या तासाच्या आकृत्या काढून द्यायचे. मुलं कुजबुजायची, “आल्या वर्तुळवाल्या बाई.” कंपास न घेता एका झटक्यात पूर्ण वर्तुळ काढायचे मी, आणि वर्गातून ‘आहाऽ’ असा आवाज यायचा. तू दाराशी उभी राहून सगळ्यात मोठ्यांदा टाळ्या वाजवायचीस. त्यात मैत्री होती, नाही कशी! पण मिरवणंही होतं. तू माझ्यापेक्षा जराशी कमी असणं मला फार मानवत होतं.

मग ते बोटानं चालणारे पांढरे फळे आले. प्रशिक्षणाला आपण दोघी पहिल्या बाकावर होतो. मी रेघ एकीकडे ओढायचे, ती उमटायची भलतीकडेच. आणि वर्तुळ? एका खुणेवर बोट टेकवलं की झालं वर्तुळ. सातवीतलं पोरही काढतं. त्या दिवशी घरी येऊन मी तशीच आडवी झाले. ह्यांनी विचारलं, “डोकं दुखतंय का?” मी हो म्हटलं.

तुझं मात्र नशीबच उघडलं. आकृती फळा काढून देणार, बोलायचं काम तुझं. आणि बोलायला तुला कुणी शिकवायला नको. सहा महिन्यांत तू सामानाच्या खोलीत, गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे बसून धड्यांचे व्हिडिओ रेकॉर्ड करून शाळेच्या वेबसाइटवर टाकायला लागलीस. आवाज येतो म्हणून पंखा बंद. घामाघूम होऊन बाहेर यायचीस आणि मला म्हणायचीस, “ऐक ना एकदा, कसा झालाय सांग.” मी म्हणायचे, वेळ मिळाला की बघते. मला वेळ कधीच मिळाला नाही. शिक्षकांच्या सभेत मुख्याध्यापक म्हणाले, “यांच्याकडून जरा शिका,” आणि बघितलं नेमकं माझ्याकडे. तू खाली मान घातलीस. त्याचाही मला राग आला.

तरी तेवढं मी गिळलं असतं. पण एका रविवारी दुपारी मी लेकीच्या खोलीत गेले, तर ती वही उघडून, कानात इअरफोन घालून बसलेली. पडद्यावर तुझा हात. माझ्या पोटची पोर, गणिताच्या बाईची मुलगी, तुझ्याकडून गणित शिकत होती! मी म्हटलं, “अगं, मी आहे ना घरात?” ती वर न बघता म्हणाली, “तू ओरडतेस. मावशीला कितीदाही थांबवता येतं.”

त्या दिवशी मी तुझा पहिला धडा बघितला. भांडी तशीच ठेवून, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, एकामागून एक. मी शिकायला बघत नव्हते गं. मी शोधत होते. आणि चौदाव्या धड्यात सापडलं. एकरूप त्रिकोणांचा धडा. दोन बाजू आणि त्यांच्या मधला कोन घ्यायचा, आणि तू खूण केलीस शेजारच्याच कोनावर. बोलत होतीस बरोबर, बोट टेकलं चुकीच्या जागी. घाईत कुणाचंही होईल. मी तो तुकडा तीनदा लावून बघितला. मला किती आनंद झाला, ते लिहायची लाज वाटते.

पुढचं तुला माहीत आहे. ‘एक पालक’ अशा सहीनं शाळेच्या समितीकडे पत्र आलं. कितव्या धड्यात, कितव्या मिनिटाला चूक आहे, सगळं त्यात होतं. मुलांना चुकीचं शिकवलं जातंय म्हणून सगळे एक्केचाळीस धडे काढून टाकले, आणि ते तपासायचं काम कुणाकडे दिलं, तर माझ्याकडे. तू माझ्याजवळ येऊन बसलीस. डोळे सुजलेले. म्हणालीस, “बरं झालं, धडे तपासायला तुझ्याकडेच आले. तुला आधीच दाखवले असते तर तू पकडली असतीस गं चूक.” दाखवायला तू कितीदा आली होतीस, तेसुद्धा तू विसरलीस. की मला वाचवायला विसरलीस?

मला वाटलं होतं, आता लेक वही घेऊन माझ्याकडे येईल. दोन संध्याकाळी मी मुद्दाम मोकळी बसले. ती आली नाही. तिनं गणिताचं पुस्तकच मिटून ठेवलंय.

सगळे धडे मी तपासले. चूक ती एकच. आणि एक सांगू? माझं जळणं काही गेलेलं नाही. शेवटच्या धड्यात तू लंबाबद्दल बोलताना मधे जराशी थांबतेस, नेमकी तिथं जिथं मुलं अडखळतात. मी आजवर तिथं कधी थांबले नाही. माझ्या फळ्यावरचा लंब सरळ असायचा, मला वाटायचं तेवढं पुरे. ते बघून मी फोन पालथा ठेवला.

ते पत्र मी लिहिलं होतं. माझं अक्षर शाळेत सगळे ओळखतात, म्हणून टाइप करायला शिकले. या सगळ्या नव्या यंत्रांमधलं मी आपणहून शिकलेलं पहिलं काम ते. आज सकाळी मुख्याध्यापकांना दुसरं पत्र दिलं, हातानं लिहून, खाली माझी सही. तक्रार माझी होती, चूक एकच होती, धडे परत लावा, एवढंच त्यात आहे. उद्या समितीपुढे ते वाचतील. सगळ्यांच्या देखत तुला ते कळू नये, म्हणून हे आज तुझ्या घरी पाठवतेय. माझ्याशी बोलायचं की नाही ते सावकाश ठरव, बडबडे, कितीही वेळ घे. पण अर्ज परत घ्यायची मुदत शुक्रवारी संपते. तेवढा आधी परत घे.

तुझीच,
(हा शब्द तू खोडलास तरी मी काही म्हणणार नाही)
शेजारच्या खुर्चीवरची