पित्ताचं पत्र परत आलं

तीर्थरूप ताईस,

झोपूनच नमस्कार करतो, उठायची परवानगी नाही. काल दुकानात कापड बेतताना छातीत दुखलं आणि शेजाऱ्यांनी मला इमर्जन्सीत आणून टाकलं. छातीला तारा, हाताला सलाईन, दोन्हीकडून कठडे. बटण टाचावं तसं मला खाटेला टाचलंय. समोरच्या पडद्याची शिवण उसवलीय. सुईदोरा मागितला, तर नर्सने डोळे वटारले.

तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस.

नर्सच्या सेवेवर समाधानी आहात का, असा फॉर्म आलाय. मी रागाने ‘नाही’वर खूण केली. सकाळी तुला लिहिलं होतं, पित्त झालंय, काळजी नको. ते टपालात टाकायला तिच्याकडे दिलं, तर म्हणाली, “घरी खरं कळवलंत ना?” मी पडद्याकडे बघत बसलो. तिने पत्र परत माझ्या हातात ठेवलं.

“माझ्या भावानेही पित्तच कळवलं होतं,” एवढंच बोलली आणि माझी उशी सारखी करून गेली.

ताई, हार्ट अटॅक होता. फॉर्मवरची खूण मी खोडलीय. मला इथे एकट्याला भीती वाटते. तू ये.

तुझा धाकटा