छत्तीस मणी झाले की उलटायची

४ नोव्हेंबर, सोमवार, सायं. ७.४०
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, तिथे लिहिते आहे. मॅट्रिकला भाषेत चांगले मार्क होते, त्यामुळे जड जाणार नाही.
कारण असं की आज यांच्या शर्टाला वास आला. अत्तराचा असता तर निदान रडता आलं असतं. कोळशाचा धूर, तिखट आणि भाजलेली कोळंबी.
हे पोस्टात खिडकीवर बसतात. पाचला सुटतात. गेले तीन महिने सातला येतात, भात चिवडतात, भूक नाही म्हणतात. मी समजत होते वय झालं.
या घरात दोन वर्षांपूर्वी मासळी बंद झाली. घरात मासळी शिजवणार नाही, असं मी देवाला सांगितलं. भाव वाढले त्याच आठवड्यात मला तशी प्रेरणा झाली, तो योगायोग. तेव्हा यांनी हूं की चूं केलं नाही. आता बाहेर सोय करून बसलेत.
सूड घ्यायचा. मी मुळात क्षमाशील आहे, म्हणून शांतपणे घ्यायचा.
आजची भाजी जरा खरपूस झाली. माझा स्वयंपाक माळेवर चालतो. भाताला चार माळा, भाजीला तीन. जपही होतो आणि घड्याळाचा सेलही वाचतो. पण आज जपात तो शर्ट सारखा मध्ये येत होता, माळ पुन्हा पहिल्यापासून धरावी लागली.

५ नोव्हेंबर, मंगळवार
शेजारणीला आडून विचारलं. ती म्हणाली, अहो, पोस्टामागच्या गल्लीत ती बाई गाडी लावते ना, कोळंबी नि माकूळ सळईवर भाजते, तुमचे हे तिथले ठरलेले, तिसरं स्टूल त्यांचंच. इतकं गोड हसून म्हणाली की तिचंही नाव यादीत घातलं. यादी: हे, गाडीवाली, शेजारीण.
देवाकडे कुणाचं वाईट मागितलं नाही. फक्त तिचा कोळसा ओला होऊ दे आणि यांची दाढ दुखू दे. फार नको, शनिवारपर्यंत.

६ नोव्हेंबर, बुधवार
पहिला सूड. भाजीत मीठच घातलं नाही. चेहरा बघायला समोर बसले.
बरी झालीय, म्हणाले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

७ नोव्हेंबर, गुरुवार, सायं. ५.३०
शत्रूची पाहणी केली. दुपारी चारला गेले, म्हणजे हे अजून खिडकीवर. डोक्यावरून शाल, डोळ्यांच्या ऑपरेशनचा काळा चष्मा, हातात जपाची पिशवी. मला माझ्या आईनेही ओळखलं नसतं.
बाई दणकट आहे. एका हाताने पंखा, दुसऱ्याने सळया. नाव पंखेवाली ठेवलं. पिशवीत मणी ओढत मोजलं: एका बाजूला छत्तीस मणी, मग उलटायची, दुसरीकडे अठ्ठावीस, वर तिखटाचा ब्रश. सगळं गुपित हातात आलं. तिचं माझ्या पिशवीकडे लक्ष गेलं, तशी तिने स्टूल पुसून पुढे केलं. बसा ताई, म्हणाली. घाबरली असावी.
नुसतं बसलं तर संशय येणार, म्हणून एक सळई घेतली. देवाला मी 'घरात' असं म्हटलं होतं. हे बाहेर आहे.
शेपटीकडे कुरकुरीत, आत रस तसाच. तिखट आधी गप्प बसतं आणि गिळल्यावर कानशिलात वाजतं. डोळ्यांतून पाणी आलं, मग नाकातून. शत्रूचं बळ नीट कळावं म्हणून दुसरी घेतली. तुलनेसाठी माकूळ.
रात्री जेवले नाही. यांना उपास सांगितला. कसला, असं यांनी विचारलं. कडक, म्हटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार
पुन्हा पाहणी. तिखट दुप्पट घालायला लावलं, चौकशी सौम्य असून चालत नाही. पंखेवालीने विचारलं, घरी कोण कोण असतं ताई. म्हटलं, एक शत्रू. ती इतकी हसली की राख माझ्या ताटलीत उडाली. कोळसा लाल असताना ठेवायची नाही, राखेने पांढरा झाला की मग, हे तिने आपण होऊन सांगितलं. किती सहज काढून घेतलं मी तिच्याकडून.
यांची दाढ ठणठणीत.

११ नोव्हेंबर
पाहणी.

१२ नोव्हेंबर
पाहणी. माकूळ संपलं होतं. निषेध नोंदवला.

१३ नोव्हेंबर, बुधवार
आज गाडीच नव्हती. देवाने ऐकलं. फार आनंद झाला. खात्री करून घ्यायला अर्धा तास उभी राहिले. पलीकडचा कुलूपवाला म्हणाला, बाई उद्या येईल, कोळसा भिजलाय तिचा. येताना कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. संध्याकाळी देवाला सांगितलं की मुद्दा पोचला, आता पुरे.
हेही आज लवकर आले, तोंड पाडून. एकमेकांकडे बघत भात चिवडला.

१६ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी २
आज शेवटचा घाव. गॅलरीत जुनी शेगडी मांडली आहे. गॅलरीचं दार लावलं की ते घर राहत नाही. अठरा कोळंब्या आणल्या, मोठ्या. छत्तीस आणि अठ्ठावीस. हे खातील, पहिल्या घासाला हात थांबेल, डोळे भरतील. म्हणतील, चुकलो, त्या गाडीचं तोंड बघणार नाही. मग मी थोडं बोलून क्षमा करीन. बोलायचं पाठ केलं आहे. पाचच परिच्छेद आहेत.

त्याच दिवशी, रात्री ८
विसाव्या मण्यापर्यंत सगळं चोख होतं. मग तिसरा परिच्छेद मनात आला, त्यात 'सव्वीस वर्षं' हे शब्द आहेत, आणि मलाच रडू आलं. डोळे पुसून बघते तो सगळीकडे धूर. शेजारणीने खिडकी उघडून विचारलं, बंब बोलवू का. यादीत तिला पहिल्या नंबरावर घेतलं.
कोळंबी जरा खरपूस झाली होती. दुसरं काही केलेलं नव्हतं. मान खाली घालून वाढली.
यांनी अठराच्या अठरा खाल्ल्या. शेपट्या चोखल्या. बोटं चाटली. मग विचारलं, अजून आहे का.
क्षमा मागितली नाही, त्यामुळे परिच्छेद तसेच राहिले. पण विजय तो विजय. पंखेवालीला तोंडावर सांगून यायचं.

१८ नोव्हेंबर, सोमवार, सायं. ७.२५
चारला गेले. चष्मा नाही, शाल खांद्यावर. ताठ उभी राहून सांगितलं की आमचे हे आजपासून इथे येणार नाहीत.
पंखेवालीने पंखा खाली ठेवला. वहिनी, म्हणाली. ताई नाही. वहिनी. म्हणाली, मी पहिल्याच दिवशी ओळखलं, पिशवीत मणी मोजत बसलात तेव्हाच. पोस्टातले साहेब सांगतात ना, आमच्याकडे माळेवर शिजतं, जप रंगला की करपतं. तीन महिने माझ्या मागे लागलेत. अजून राहू दे बाई, अजून काळी कर, घरी व्हायची तशी. दोन वर्षं झाली म्हणतात खाऊन. पण वहिनी, माझ्या हातून करपवणं होत नाही हो. तुम्ही कसं करता, सांगा ना.
ती चेष्टा करत नव्हती. खरंच विचारत होती.
मी म्हटलं, माझ्या हातून आजवर काहीही करपलेलं नाही. ती बरं म्हणाली आणि स्टूल पुसलं. पुसलेलं स्टूल वाया जाऊ नये म्हणून बसले. राग शांत व्हायला चार सळया लागल्या, तिखट दुप्पट.
सातला घरी आले. हे सव्वापाचलाच आले होते. सरळ घरी, भुकेले. ताट घेऊन बसले होते. चूल थंड. जेवायचं ना, म्हणाले. मला भूक नाही, म्हटलं.
यांनी उठून माझ्या शालीचं टोक हातात घेतलं, हुंगलं, आणि नीट घडी घालून पुन्हा माझ्या खांद्यावर ठेवलं. मग विचारलं, घरात एखादी कोरी वही आहे का.
म्हटलं, वह्या काय फुकट येतात. हिच्यातलीच चार पानं फाडून दिली. आतल्या खोलीत लिहीत बसलेत. दार लावून घेतलंय.
मी भात ठेवलाय. कितवी माळ झाली, ते लिहिण्याच्या नादात राहून गेलं.